फर्स्ट शिफ्टच्या बसमधली भक्ती

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक लाल डबा असतो. नापास झालेले पार्ट त्यात टाकायचे. सकाळी रिकामा करा, संध्याकाळी काठोकाठ भरलेला! आमच्या प्रार्थनेच्या गटाचे किस्से अगदी तसेच साठलेत राव. आम्ही चौघांनी ठरवलं होतं की रोज न चुकता शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं आणि प्रार्थना करायची. एवढंच. आता एवढ्याशा गोष्टीत किस्से व्हायला जागा कुठे असते? पण आम्ही केली जागा.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी विजय, चाकणच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला. मार्थाताई त्याच कंपनीत असेंब्ली लाईनवर. मूळच्या जालन्याकडच्या, आणि जिभेला अशी धार की आमच्या टूलरूममध्ये मिळणार नाही. दानिएल मेंटेनन्सचा इंजिनिअर, वय सव्वीस, मोबाईल चार्जिंगला लावला की स्वतःच मलूल होतो. आणि साळवे काका, टूलरूममधले जुने फिटर, रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष राहिलेले. चौघंही चिंचवडच्या एकाच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आणि एकाच कंपनी बसने जाणारे.

बस चालवतात रफीकभाई. ते आमच्या मंडळीतले नाहीत, पण आमच्या भक्तीचं स्टिअरिंग बराच काळ त्यांच्याच हातात होतं.

*

दर एक जानेवारीला आमच्या मंडळीत सगळे ठरवतात, यंदा वर्षभरात अख्खं शास्त्र वाचून काढायचं. जानेवारी उत्पत्तीच्या पुस्तकात मजेत जातो. गोष्टी असतात, भांडणं असतात, भाऊ भावाला विकतात. फेब्रुवारीत निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि माणसं गळायला लागतात. मार्चमध्ये वंशावळी वाचायला कुणीच शिल्लक नसतं!

एकदा मंडळीचे पाळकसाहेब माझ्या घरी आले आणि टेबलावरचं माझं शास्त्र त्यांनी सहज उचललं. पहिली शंभर पानं वापरून वापरून काळी पडलेली, आणि पुढची अजून एकमेकांना चिकटलेली. त्यांनी शांतपणे पुस्तक खाली ठेवलं.

"विजयभाऊ, तुम्ही जगाच्या उत्पत्तीवर पीएचडी करताय का?"

माझी बायको रूथ आत चहा गाळत होती. ती इतकी हसली की चहा ओट्यावर.

त्याच आठवड्यात गटाची पहिली बैठक झाली. आपल्याला हे रोजचं का जमत नाही, यावर प्रत्येकाने आपापली कारणं सांगितली. शिफ्ट, ओव्हरटाइम, पोरांची शाळा, सगळी नेहमीची. शेवटी साळवे काकांची पाळी आली. काका मुळात बोलत नाहीत. आठवड्याला दहा वाक्यं झाली तरी डोक्यावरून पाणी. त्या दिवशी मात्र बोलले.

"आमच्या घरात प्रार्थना सलोमी करायची. अडतीस वर्षं. मी फक्त आमेन म्हणायचो. ऑगस्टमध्ये ती गेली. तेव्हापासून घरात प्रार्थना झालेली नाही. मी बसतो, डोळे मिटतो, आणि काही येतच नाही. येत्या ऑगस्टात तिच्या स्मरणाची उपासना घरी आहे. त्या दिवशी मला माझ्या तोंडाने प्रार्थना करायचीय. तेवढं शिकवा मला."

मला फार वाईट वाटलं, आणि जरा लाजही वाटली. आम्ही शाळेच्या डब्याचं कारण सांगत होतो, आणि हा माणूस रोज रिकाम्या खोलीत डोळे मिटून बसत होता. तेव्हाच ठरलं, आता गट बंद पाडायचा नाही.

*

क्वालिटीचा माणूस दुसरं काय करणार? मी चेकशीट बनवलं! आडव्या रांगेत तारखा. उभ्या रांगेत शास्त्रवाचन, प्रार्थना, उपकारस्तुती, पापांची कबुली. शेवटी सही, आणि तपासणाऱ्याची सही.

मंगळवारी बसमध्ये सगळ्यांची शीट बघायला घेतली. मार्थाताईंची शनिवारपर्यंत भरलेली!

"ताई, आज मंगळवार आहे!"

"मग? लाईनवर सगळे असंच भरायलेत की! सोमवारी एकदाच बसायचं, आठवडाभराचे टिक मारून मोकळं व्हायचं. ऐन वेळी पेन सापडत नाही कुणाला."

लाईनवर असंच भरतात, असा मला वीस वर्षं संशय होता. पुरावा असा प्रार्थनेत मिळेल असं वाटलं नव्हतं. मी जरा कडक आवाज काढला. "बरं, शास्त्रवाचनाचं समजलं. पण शुक्रवारच्या पापांची कबुली सोमवारीच कशी दिलीत?"

"शुक्रवारी सासू येऊ लागलीय. मला माहितीय ना काय होणारे ते!"

माझ्या शीटवर तपासणारी रूथ. पहिल्या आठवड्याची शीट मी मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवली. तिने सातही रकान्यांत लाल पेनने 'एनजी' लिहिलं. एनजी म्हणजे माल नापास. हे तिला मीच शिकवलं होतं, एकदा भाजीवर बोलताना. आता भोगा.

*

घरी कुणालाच वेळ जमेना. मग दानिएलने शोध लावला. रोज चाकण चौकात आपली बस किती वेळ अडकते? कमीत कमी वीस मिनिटं. रोज! पाऊस असो, ऊन असो, एवढी नियमित गोष्ट आमच्या आयुष्यात दुसरी कुठलीच नव्हती. मग त्या वीस मिनिटांतच प्रार्थना करायची ठरली. पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंटेनर, आणि मधे आम्ही चौघं डोळे मिटून. दोन महिने एकही खाडा नाही!

आणि एक दिवस कुणीतरी मंत्री येणार होते. रस्ता मोकळा केलेला. आम्ही डोळे मिटतोय तोवर बस कंपनीच्या गेटात.

मार्थाताई उतरता उतरता म्हणाल्या, "मंत्र्यापायी आज देवाची भेट कॅन्सल!"

रफीकभाईंना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सिग्नल सुटला, समोर रस्ता चक्क खुला. रफीकभाईंनी आरशात आमच्याकडे बघितलं, आणि बस डावीकडे, बाजाराच्या गल्लीत घातली. पूर्ण बस ओरडली, "अहो, इकडे कुठे?"

"बसा हो गपचूप. इथे पंधरा मिनिटं पक्की. यांचं राहिलंय."

तेव्हा मी त्यांचे आभार मानायला पुढे गेलो. म्हटलं, "रफीकभाई, तुमची मात्र कमाल आहे. चेकशीट नाही, गट नाही, तरी तुमची नमाज कधी चुकत नाही."

ते हसले. "भाई, आम्ही एकटे दिवसातून पाच वेळा करतो. तुम्ही चौघं मिळून एकदा करता, त्यालाही ट्रॅफिक लागतं!"



*

दानिएलला माझा कागद पसंत नव्हता. त्याने मोबाईलवर ॲप घेतलं. रोज प्रार्थना झाली की बटण दाबायचं, मग दिवसांची साखळी वाढत जाते आणि आगीचं चित्र येतं. एक दिवस चुकला की साखळी तुटली, परत शून्यापासून. हा रोज सकाळी आम्हाला आकडा दाखवायचा. एकाहत्तर! ऐंशी! आम्हाला त्याच्या त्या आगीचा कंटाळा आला होता.

शहाण्णवाव्या दिवशी तो आत्याच्या गावी लग्नाला गेला. तिथे रेंज नाही. पठ्ठ्या मोबाईल वर धरून शेतभर फिरला. मग गोठ्याच्या पत्र्यावर चढला. मग पाण्याच्या टाकीवर. खाली वऱ्हाडी गोळा झाले. नवरीच्या बापाला वाटलं, हा मुलीवर प्रेम करत होता आणि आता उडी टाकतो! त्यांनी खालून हात जोडले. "बाळा, खाली ये, आपण बसून बोलू!"

अखेर रेंज आली. याने बटण दाबलं आणि विजयी वीरासारखा खाली उतरला.

सोमवारी बसमध्ये त्याने हे सगळं रंगवून सांगितलं. साळवे काकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आणि प्रार्थना कधी केलीस?"

दानिएलने मोबाईल खाली केला. "काका... ती राहिलीच."

मार्थाताईंनी त्याच्या हातातून मोबाईल घेतला, ॲप काढून टाकलं आणि परत दिला. "हं. आता कर सुरू."

*

मग आम्ही उपवास धरला. दर शुक्रवारी दुपारचं जेवण सोडायचं, फक्त पाणी प्यायचं आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्यायचा. आता शुक्रवारीच कँटीनमध्ये चिकन असतं, हे मोहाचं खातं वेगळंच.

पहिल्या शुक्रवारी आम्ही कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिथे स्टोअरचे पठारे भाऊ आले. पठारे इथल्याच गावचे, माणूस लाख मोलाचा. "जेवाया न्हाई आलात?"

"उपवास आहे भाऊ."

"व्हय? अन् सांगायचं न्हाई? आमी काय परके हाय का?"

पुढच्या शुक्रवारी पठारे भाऊंच्या घरून मोठा डबा आला. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा किस, वर दही आणि चार केळी. वहिनींनी पहाटे उठून केलेलं. आम्ही समजावलं, आमच्या उपवासात काहीच खात नाहीत. पठारेंचा चेहरा एवढासा झाला.

"काहीच न्हाई? पार कायबी न्हाई? आवो, मग मानूस टिकायचा कसा? तुमच्या देवाला कळत न्हाई व्हय, शिफ्ट हाय तुमची?"

वहिनींचं मन मोडवेना. आम्ही खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. नंतर प्रार्थनेसाठी डोळे मिटले ते थेट भोंगा वाजल्यावर उघडले! दोन महिन्यांत माझं वजन तीन किलोंनी वाढलं.

रूथ म्हणाली, "असा चाळीस दिवसांचा उपवास केलास तर दार मोठं करून घ्यावं लागेल."

*

या सगळ्या गोंधळात साळवे काकांचं काय? रोज बसमध्ये त्यांची पाळी यायची. काका डोळे मिटायचे, घसा साफ करायचे, "हे परमेश्वरा" म्हणायचे, आणि तिथेच थांबायचे. एक ट्रक हलायचा, दुसरा हलायचा. मग काका हळूच म्हणायचे, "दानिएल, पुढचं तू घे."

दानिएल त्यांना समजवायचा. "काका, सोपं आहे. मित्राशी बोलतो तसं बोलायचं."

"मी मित्रांशी पण बोलत नाही."

मार्थाताई म्हणाल्या, "मग काकूंशी काय बोलायचात?"

"ती बोलायची."

जून उजाडला तरी गाडी "हे परमेश्वरा"च्या पुढे सरकेना. ऑगस्ट तर तोंडावर आलेला. मग मी त्यांना एक प्रार्थना कागदावर लिहून दिली, पाच-सहा ओळींची. म्हटलं, निदान वाचायची तरी सवय होऊ दे.

आता आमच्या कंपनीतली एक पद्धत सांगायला हवी. रोज शिफ्टच्या आधी सगळे रांगेत उभे राहतात. उजवा हात समोर सरळ धरायचा. एकजण सुरक्षेची शपथ वाचतो आणि बाकीचे मागून म्हणतात. काकांनी ही शपथ तीस वर्षं म्हटलेली. त्यामुळे हातात कागद आला की त्यांना बसून वाचताच येत नाही! चाकण चौकात बस अडकली तसे काका उठले, सीटला टेकून उभे राहिले, डाव्या हातात कागद धरला आणि उजवा हात आपोआप समोर गेला.

"हे दयाळू पित्या!" काका खणखणीत आवाजात म्हणाले.

मागच्या सीटांवर अर्धी बस पेंगत होती. बिहारची पोरं, लातूरची पोरं, गावातले दोघं-तिघं. आवाज ऐकला, समोर हात दिसला. फटाफट वीस-पंचवीस हात वर!

"हे दयाळू पित्या!"

काका दचकले, पण शपथ मध्ये थांबवायची नसते. "आमच्या चुकांची क्षमा कर!"

"आमच्या चुकांची क्षमा कर!"

"आणि आजच्या दिवसात आम्हाला सांभाळ!"

"आणि आजच्या दिवसात आम्हाला सांभाळ!" शेवटी मागून कुणीतरी सवयीने ओरडलं, "सेफ्टी!" आणि अख्खी बस गरजली, "फर्स्ट!"

आम्हा तिघांना हसून हसून बोलता येईना. रफीकभाईंनी तर हॉर्नवरच डोकं टेकलं. तो वाजतच राहिला आणि पुढचा ट्रकवाला भांडायला उतरला. कंपनीच्या गेटात उतरताना एक लातूरचा पोरगा मला म्हणाला, "साहेब, आजची शपथ नवीन होती का? आधीच्यापेक्षा बरी आहे."

काका मात्र हसले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी माझ्या खिशात ठेवली.

"विजय, ही तुझी होती. मला माझी पाहिजे."

*

ऑगस्टातला तो रविवार. काकांचा ताथवड्यातला फ्लॅट, हॉलमध्ये मंडळीच्या खुर्च्या, दारापर्यंत माणसं. नाशिकहून त्यांची मुलगी आलेली. पठारे भाऊ आणि वहिनी आलेले. रफीकभाई दाराशी टोपी घालून, हात पुढे बांधून उभे. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता शांतवनभाऊ आपल्याला प्रार्थनेत चालवतील."

शांतवन म्हणजे साळवे काका. आदल्या दिवशीपर्यंत काका "हे परमेश्वरा"च्या पुढे गेलेले नव्हते. दानिएलने माझा हात घट्ट धरला होता. त्याला ठरवून दिलं होतं की काका अडकले की लगेच पुढे घ्यायचं.

सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे परमेश्वरा."

पंख्याचा आवाज. एक मिनिट तर नक्कीच गेलं असेल. कुणीतरी खोकलं. दानिएलने श्वास घेतला आणि तोंड उघडलं. मार्थाताईंनी त्याला असा चिमटा काढला की ते परत मिटलं.

"हे परमेश्वरा, मी शांतवन बोलतोय. सलोमीचा नवरा. माझा आवाज तुला ओळखीचा नसेल. ती तुझ्याशी बोलायची ना रोज पहाटे साडेपाचला, तेव्हा तिथेच, आरशापुढे दाढी करत असायचो. तो मी."

काकांनी घसा साफ केला.

"तिने माझ्याबद्दल तुला काय काय सांगितलंय, मला ठाऊक नाही. माझं लक्ष बसच्या टायमाकडे असायचं. पण जे सांगितलं असेल ते खरंच असेल. आता ती नाही तर मीच सांगतो. बीपीची गोळी मी मधूनमधून विसरतो. आणि पोरीला फोनवर रोज सांगतो की भाजी-पोळी केली. ते खोटं आहे. मी रात्री अंडी उकडून खातो."

"पप्पा!" मुलगी डोळे उघडून ओरडली.

"पोरी, डोळे मिट! प्रार्थना चालू आहे!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी हसत होतो की रडत होतो, माझं मलाच सांगता येणार नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

"परमेश्वरा, ती आता तुझ्याकडे आहे. सकाळी बोलायला लागली की थांबत नाही, तुला अनुभव आलाच असेल. जरा तिच्याकडे बघून ऐक. मी कधी बघितलं नाही. आणि तिचा गुडघा दुखायचा, तेवढा बघ. इथे आम्ही डॉक्टर बदलण्यातच राहिलो."

मग काका मंडळीबद्दल बोलले. टूलरूमबद्दल बोलले. मार्थाताईंच्या सासूसाठी त्यांनी आशीर्वाद मागितला, आणि मार्थाताईंसाठी त्याहून जरा जास्त. रफीकभाईंच्या बसच्या ब्रेकसाठी मागितला. पठारे वहिनींच्या खिचडीचे उपकार मानले. अडतीस वर्षांचं साठलेलं, ते एकामागून एक येतच राहिलं. स्वयंपाकघरात चहाला उकळी आली, भांड्यांचा आवाज झाला, आणि पाळकसाहेब खुर्चीत जरासे चुळबुळले.

तेवढ्यात माझ्या गुडघ्याला कुणीतरी ढोसलं. बघतो तर शेजारच्या खुर्चीतले काका. एक डोळा उघडा.

"विजय, किती वेळ झाला?" ते कुजबुजले.

मी घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं झाली, काका."

"चहा झाला?"

"झालाय."

"झाकून ठेव म्हणावं."

त्यांनी डोळा मिटला आणि खुर्चीत जरा नीट सावरून बसले.

"हां, तर परमेश्वरा, कुठे होतो आपण?"